दुखवट्याच्या घरचं पुडिंग

टेबलावर सात ताटं होती आणि माझी बशी ठेवायला जागा नव्हती.

नाताळचा दुसरा दिवस. सकाळचे नऊ वाजले असतील. प्रत्येक ताटावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालाखाली करंज्या, नानकटाया, खोबऱ्याच्या वड्या, केकचे तुकडे. वसईतल्या आमच्या आळीत नाताळला ताटं फिरतात. या घरचं त्या घरी, त्या घरचं या घरी. आलेलं ताट कुणी रिकामं परत देत नाही. मी एकेक रुमाल उचलून प्रत्येक ताटातली एकेक वस्तू तोंडात टाकत होते. ती माझी न्याहारी.

पप्पा ओट्याशी उभा होता. चहात बटर बुडवून, खिडकीतून बाहेर बघत खात होता.

"पप्पा, या ताटांत काय घालून द्यायचं?"

"काही नाही. धुऊन द्यायची."

"रिकामी?"

"रिकामी."

"पण मम्मी म्हणायची..."

"दुखवट्याचं घर आहे, मेलू. वर्षभर गोड करायचं नाही."

त्याच्या शर्टाच्या खिशाला काळी फीत होती. इस्त्री करताना मीच ती काढायचे आणि पुन्हा टाचायचे.

मम्मीला जाऊन आठ महिने झाले होते. मी सहावीत होते. आता मी नववीत आहे आणि माझा आवाज असेंब्लीत माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मॉनिटर आहे, थ्रोबॉलची कॅप्टन आहे, आणि मागच्या महिन्यात वक्तृत्वाचं बक्षीस घेताना परीक्षकांनाच दोन प्रश्न विचारून आले. त्यामुळे आता मी जेव्हा सांगते की त्या वर्षी मी दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचे, तेव्हा माझ्या मैत्रिणी हसतात. पण बोलणार कुणाशी? आमच्या दाराशी येताना लोक आवाज उतरवायचे. शेजारणी दारातच उभ्या राहून "जेवलीस का बाय?" विचारायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या आणि निघायच्या. आत येऊन बसायचं कुणीच नाही. आणि पप्पा आठ महिने उभ्यानेच जेवत होता. ओट्याशी, ताटली हातात घेऊन. टेबलाला तीन खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर मी, समोर मम्मीची रिकामी, बाजूला पप्पाची रिकामी. मी जेवताना पाण्याचा तांब्या मम्मीच्या जागी ठेवायचे, म्हणजे समोर काहीतरी असायचं.

मला नाताळला काय हवं होतं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की पप्पाने टेबलाशी येऊन बसावं. बास, एवढंच.

"साखर नाही घातली तर?" मी विचारलं.

"काय?"

"साखरच नाही घातली, तर करता येईल ना?"

पप्पाने कप विसळला, पालथा घातला. "साखर नाही तर ते गोड कसलं?" असं म्हणून कोयता घेतला आणि केळीच्या वाडीकडे निघून गेला.

हे वाक्य मी परवानगी म्हणून धरलं. उद्या वकील झाले तर ही माझी पहिली केस मानावी लागेल.

कारण साखर न घालता करायची एक गोष्ट मला माहीत होती. मम्मी दर नाताळला आळीसाठी केक करायची आणि त्याशिवाय एक वेगळं पुडिंग करायची, फक्त कार्मेलीन आंटीसाठी. कार्मेलीन आंटी समोरच्या घरात राहते. तिला डायबेटिस. पंधरा वर्षं तिने साखरेचा कण खाल्ला नव्हता आणि तशी ती सगळ्यांना आठवणही करून द्यायची. शिवाय आंटी म्हणजे आळीचं पोलीस स्टेशन. विधवेने किती महिने काळं नेसायचं, मयताच्या घरी काय न्यायचं, चर्चमध्ये पुढच्या बाकावर कुणी बसायचं, सगळे कायदे तिच्याकडे. पप्पाला काळी फीत आणून देणारी तीच.

त्या पुडिंगला लागतात राजेळी केळी. आमच्याकडे त्यांची सुकेळी करतात, उन्हात वाळवून. पण पुडिंगसाठी ती वाळवायची नाहीत, पिकू द्यायची. पिवळी झाली तरी थांबायचं, ठिपके पडले तरी थांबायचं. साल काळी आणि कागदासारखी पातळ झाली की मग घ्यायची. गूळ नाही, मध नाही, खजूरसुद्धा नाही. केळ्याची जेवढी असेल तेवढीच गोडी. मी एकदा मम्मीला म्हटलं होतं, "एक चमचा साखर घातली तर आंटीला काय कळणार आहे?" तर ती म्हणाली, "तिला नाही कळली तरी केळ्याला कळेल." काहीही बोलायची ती.

माळ्याखाली एक घड टांगलेला होता. पप्पाने सुकेळ्यांसाठी आणला आणि तसाच विसरला. मी स्टुलावर चढून बघितलं. वरच्या दोन फण्या काळ्या पडल्या होत्या. बारा केळी निघाली.

ती मी हातानेच कुस्करली. तांदळाचा रवा भाजून घेतला, एक नारळ खवून त्याचं दाट दूध काढलं, चार अंडी फोडली. एका अंड्याचं कवच आत पडलं, ते शोधण्यात अर्धा तास गेला. तूप, किसलेलं जायफळ, चिमूटभर मीठ. जर्मनच्या टोपाला तूप लावून तळाला केळीचं पान घातलं आणि टोप घरामागच्या चुलीवर चढवला. हे पुडिंग गॅसवर होत नाही. खाली मंद निखारे आणि झाकणावरही निखारे, करवंट्यांचे. वरून आणि खालून सारखी ऊब मिळाली पाहिजे. निखारे चिमट्याने उचलताना माझा फ्रॉक दोन ठिकाणी जळला. ती दोन भोकं अजून आहेत.

आता वेळ. मम्मी घड्याळ बघायची नाही. दोन रोजरी, म्हणजे दोन जपमाळा, म्हणून झाल्या की टोप उतरवायचा, असं तिचं माप. रोजरीत एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि दुसऱ्याने उरलेला. पहिला भाग मम्मीचा असायचा, उरलेला माझा. मी चुलीपुढे पाटावर बसले, माळ हातात घेतली आणि पहिला भाग म्हटला. मग थांबले. सवयीने थांबले, बाकी काही नाही. मग उरलेला भागही मीच म्हटला. असं शंभर वेळा करायचं होतं. मध्येच उठून घरात गेले, दोन खोबऱ्याच्या वड्या आणि एक करंजी घेऊन आले. एक दाणा, एक घास. दुसरी रोजरी मी इतकी पळवली की देवालाही धाप लागली असेल.

तेवढ्यात मागच्या फाटकावर काठीचा आवाज आला.

"मेलू."

कार्मेलीन आंटी. काळी साडी, जाड चष्मा, नाक वर.

"काय, आंटी?"

"कसला वास येतोय?"

"कुठे?"

"माझ्या नाकात. कुणी चूल पेटवली?"

"मी."

"दुखवट्याच्या घरातून गोड भाजल्याचा वास येतोय आणि सगळी आळी नाक वर करून बसलीय. तुझ्या बापाला, विल्सनला, माहिती आहे?"

"हो. म्हणजे, थोडंसं."

"थोडंसं कसं माहिती असतं?"

"आंटी, साखर नाही घातली."

"गूळ?"

"नाही."

"मध घातला असशील."

"नाही. तुम्हाला मम्मी करायची ना, ते आहे."

आंटी फाटकाची कडी काढून आत आली, चुलीजवळ उभी राहिली आणि झाकणावरच्या निखाऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उजवीकडे निखारे जास्त झालेत. सारखे कर." मी सारखे केले.

टोप उतरवला तेव्हा वरून छान तांबूस रंग आला होता. मी तोंडातली करंजी गिळली, सुरीने एक कोपरा कापला, फुंकून तोंडात टाकला.

काहीच नाही.

म्हणजे रवा होता, नारळ होता, जायफळाचा वास होता. केळंही कुठेतरी होतं. पण गोडी नाही. मी अजून एक तुकडा खाल्ला. तेच. भाताच्या पेजेसारखं, नुसतं.

"आंटी," मी म्हटलं, "बिघडलं."

"काय बिघडलं?"

"गोड नाही झालं. मम्मीचं व्हायचं."

आंटीने हात पुढे केला, पण तेवढ्यात पप्पा आला. वाडीतून मधल्या वाटेने. वास तिथपर्यंत गेला असणार. कोयता अजून हातात होता. त्याने आधी चुलीकडे पाहिलं, मग टोपाकडे, मग आंटीकडे.

"कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"तूच म्हणालास, साखर नसली तर ते..."

"मी काय म्हणालो?"

माझी केस तिथेच संपली. पप्पा चिडलेला नव्हता, तेच वाईट होतं. चिडला असता तर मी भांडले असते. तो त्या टोपाकडे असा बघत होता, जसा आठ महिन्यांपूर्वी हॉस्पिटलने हातात दिलेल्या मम्मीच्या कपड्यांच्या पिशवीकडे बघत होता.

"हे उचल," तो हळूच म्हणाला. "गाईला घाल."

"थांब," कार्मेलीन आंटी म्हणाली. "गाईला घालायचं का माणसाला, ते आधी कळू दे. मेलू, टोप आत घे."

आणि ती आमच्या घरात शिरली. आठ महिन्यांत उंबरा ओलांडून आत येणारी पहिली शेजारीण. सरळ टेबलाकडे गेली, दोन ताटं बाजूला सरकवली, पाण्याचा तांब्या उचलून खिडकीत ठेवला आणि मम्मीच्या खुर्चीवर बसली. खुर्ची करकरली.

पप्पा ओट्याशी जाऊन उभा राहिला.

"चमचा," आंटी म्हणाली.

मी चमचा दिला, बशीत तुकडा दिला. ती खाऊ लागली. डोळे मिटून, अगदी सावकाश. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, घास खाली उतरतो का म्हणून. उतरला. तिने दुसरा घेतला.

"विल्सन," तिने शेवटी डोळे उघडले. "यात गोड काही नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काहीच नाही?" पप्पाने विचारलं.

"नावालाही नाही. तूच खाऊन बघ. मी म्हातारी, माझ्या जिभेचा काय भरवसा?"

पप्पाने ओट्यावरचा चमचा उचलला आणि टोपाकडे वळला.

"उभ्या-उभ्या चव कळत नाही," आंटी म्हणाली. "बस."

"मी नंतर..."

"विल्सन, मी नुसती समोरून आले असेन, पण हे गुडघे घेऊन आले आहे. बस म्हटलं ना."

पप्पा त्याच्या खुर्चीवर बसला. कोयता हातातच राहिला होता, तो त्याने खाली ठेवला. मी बशी पुढे सरकवली. त्याने एक चमचा तोंडात घातला आणि चावायचा थांबला. नुसता बसून राहिला. खिडकीकडे बघत होता, तिथे आता तांब्या होता. आंटी पदराने चष्मा पुसत होती. इतका वेळ कुणी चष्मा पुसत नाही.

"नाही," पप्पा म्हणाला. "गोड नाही."

"बघ. मी काय म्हटलं?"

"अजिबात नाही." त्याने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. बशी संपली, तेव्हा त्याने ती माझ्याकडे सरकवली आणि मी दुसरा तुकडा वाढला. मला वाटलं, माझं मन राखायला खातोय बिचारा. मिशीला रवा लागला होता, तो त्याने पुसलाही नाही.

"मग नियम मोडला नाही कुणी," आंटी काठी टेकत उठली. "मेलू, ताटं धू आणि भर. डोळे पूस आधी. मी येते तुझ्याबरोबर."

सातवं ताट तिचंच होतं, म्हणून सहा घरं फिरलो. ताट माझ्या हातात आणि आंटी पुढे. प्रत्येक दारात ती कुणी काही विचारायच्या आत खणखणीत आवाजात सांगायची, "विल्सनच्या पोरीने केलंय. गोड नाहीये, मी स्वतः खाल्लं. घ्यायला हरकत नाही." सहा दारं. सहा वेळा. तुमच्या हातचा पहिला पदार्थ बेचव आहे असं कुणी तुमच्यासमोर सहा घरांत जाहीर करत फिरलं, तर तुम्हाला कसं वाटेल? मी खाली मान घालून उभी. बायका मला आत बोलवत होत्या, "ये गं, बस जरा" म्हणत होत्या, एकीने तर केस विंचरून दिले. मी म्हटलं, माझी कीव येतेय त्यांना.

संध्याकाळी पप्पाने टेबल पुसलं. मी भात वाढला आणि त्याची ताटली सवयीने ओट्यावर ठेवली. त्याने ती उचलून टेबलावर आणली आणि बसला.

"मीठ दे," म्हणाला.

मी मीठ दिलं. त्या दिवसापासून तो बसूनच जेवतो.

म्हणजे मला हवं होतं ते मिळालं. तरीही मी एक गोष्ट मनात धरून बसले, की मम्मीचं पुडिंग माझ्या हातून बिघडलं. तिच्या हातातलं काहीतरी माझ्या हातात उतरायचं होतं, ते उतरलं नाही. ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नाही. सात ताटं आली त्या नाताळनंतर तीन नाताळ गेले, पप्पाची फीत निघाली, मी उंच झाले, बोलकी झाले, स्टेजवर चढले. पण राजेळीचा घड माळ्याखाली काळा पडायला लागला की मी त्या खोलीत जायचे नाही.

आता यंदाचं. ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला, तेव्हा मी साखर सोडली. भक्ती वगैरे थोडी होती, पण मुख्य म्हणजे वर्गातल्या मुलींशी पैज लागली होती आणि पैज मी हरत नाही. चहा बिनसाखरेचा, चॉकलेट बंद, सरबत बंद. एकतिसाव्या दिवशी कार्मेलीन आंटीने निरोप पाठवला. ती आता अंथरुणावरच असते, पण कान आणि नाक शाबूत. निरोप असा की, विल्सनच्या घरातली केळी काळी झाल्याचा वास येतोय, ती फुकट घालवू नयेत.

म्हणून केलं. बारा केळी, चार अंडी, एक नारळ. दोन रोजरी, दोन्ही बाजू माझ्या, पण यंदा न पळवता. टोप उतरवला, कोपरा कापला, तोंडात टाकला.

मी टोपाकडे बघत राहिले. मला वाटलं, मी चुकून काहीतरी घातलं. परत चव घेतली. गोड. नुसतं गोड नाही, घशापर्यंत गोड, मधासारखं, गुळासारखं, आणि तरी केळ्यासारखं. आणि मला ती चव माहीत होती. मम्मीने आंटीचं ताट भरताना चमच्याला उरलेलं मला चाटायला दिलेलं, ती.

मी बशी घेऊन समोरच्या घरात पळाले. आंटीला उशीला टेकवून बसवलं, भरवलं. ती डोळे मिटून खात होती, तशीच, सावकाश.

"आंटी, हे गोड आहे."

"मग? केळी काळी होती ना."

"त्या वर्षीही काळीच होती. सगळं हेच होतं. मग तेव्हा का नाही झालं?"

"तू त्या दिवशी सकाळपासून काय खात होतीस?"

मला आठवलं. सात ताटं, एकेक रुमाल उचलून. चुलीपुढच्या खोबऱ्याच्या वड्या. टोप उतरवताना तोंडात असलेली करंजी.

"पोरी, सकाळभर साखर खाल्लेल्या जिभेला केळं काय कळणार?" आंटी म्हणाली. "माझी जीभ तेव्हाच पंधरा वर्षांची कोरी होती. मला दुधातली गोडी कळते."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला..."

"तेव्हाही एवढंच होतं. थोडं जायफळ जास्त."

मी पलंगाच्या कडेला बसले. आळीचं पोलीस स्टेशन उशीला टेकून ओठ पुसत होतं.

"तुम्ही खोटं बोललात."

"बोलले."

"सहा दारांत."

"सात. पहिलं तुमचंच. शनिवारी जाऊन फादरांकडे पापाची कबुलीही दिली. म्हटलं, दुखवट्याच्या घरचं गोड खाल्लं आणि गोड नाही म्हणून सांगितलं. त्यांनी एक रोजरी म्हणायला लावली आणि विचारलं, अजून उरलंय का."

मी हसायला लागले. मग हसता-हसता माझ्या ध्यानात आलं आणि हसू थांबलं.

"आंटी, पण पप्पाही म्हणाला होता, गोड नाही. त्याने तर दोन तुकडे खाल्ले. त्याला कळलं नाही?"

आंटीने बशी माझ्या हातात दिली. चमचा चाटून बशीत ठेवला.

"मी त्या शनिवारी चर्चमध्ये पोहोचले," ती म्हणाली, "तर कबुलीच्या रांगेत माझ्या पुढे तुझा बाप उभा."